गोठ्यातल्या वाशाचं धनुष्य

आमच्या कॉलनीतला रावण दरवर्षी पाठीमागून मरतो. समोरून राम प्लास्टिकचं धनुष्य ताणतो, बाण त्याच्याच पायाशी गळून पडतो, आणि त्याच क्षणी रावणाच्या मागे पोतं अंथरून बसलेला मंडपवाला ज्ञानेश्वर काडी ओढतो. रावण भडकतो, फटाके फुटतात, लोक टाळ्या वाजवतात आणि सोनं वाटायला घरोघर निघतात. बाण लागला असं कोणी म्हणत नाही, लागला नाही असंही कोणी म्हणत नाही. चिखलीतली आमची कॉलनी सुशिक्षित लोकांची आहे.

राम म्हणजे प्रज्वल. रामाच्या भूमिकेला लागणारे सगळे गुण त्याच्यात आहेत, म्हणजे त्याचे वडील गुलाबराव कॉलनीचे अध्यक्ष आहेत. शिवाय तो जिमला जातो, आणि दंड दिसावेत म्हणून दसऱ्याला उपरणंसुद्धा नीट घेत नाही.

माझी मुलगी नीरजा दहावीत आहे. ती तिरंदाजी शिकते, रोज सकाळी ग्राउंडवर जाते, विभागापर्यंत खेळून आली आहे. पण ग्राउंड नंतर आलं. रावणाला आपण बाण मारायचा हे तिच्या डोक्यात पार बालवाडीपासून आहे. दरवर्षी ती विचारायची, दरवर्षी तिच्या हातात आरतीचं ताट दिलं जायचं, आणि दरवर्षी ती ते ताट घरी आणून ओट्यावर जरा जोरात ठेवायची. पुढच्या वर्षी ती कॉलेजला बाहेरगावी जाणार. म्हणजे हा शेवटचा रावण.

म्हणून यंदा गणपतीच्या देवळात दसऱ्याची मीटिंग झाली तेव्हा मी उठून उभा राहिलो. मी मीटिंगमध्ये उठून उभा राहणारा माणूस नाही. मी सरकारी कारकून आहे. कोणत्या खात्यात ते सांगत नाही, उद्या तुम्ही काम घेऊन याल. पण उभा राहिलो आणि म्हणालो, की यंदा बाण नीरजा मारेल, आणि खरा मारेल.

गुलाबराव कोणाला नाही म्हणत नाहीत. ते अडचणी सांगतात.

"पोरीनं बान मारला तं काही बिघडत नाही, मी काही जुन्या वळनाचा मानूस नाही," ते म्हणाले. "पन धनुष्य कुठं हाये? प्रज्वलचं तिले द्याव तं ते खेळन्यातलं. अन् ग्राउंडवरचं हाये सरकारी, ते बाहेर निघत नाही. तुमी दसऱ्याच्या आत खरं धनुष्य आना, पोरगी उभी करतो. नाही आनलं तं प्रज्वल हायेच."

"आणायचं कशाला? मी करतो," मी म्हणालो.

माणूस असं काही बोलण्याच्या आधी शेजारच्यानं त्याचं तोंड धरायला पाहिजे. पण शारदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, बायकांच्या बाजूला बसली होती आणि मध्ये बरंच अंतर होतं. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर बोलली. "अहो, देवघराच्या फळीला तुम्ही खिळा ठोकला तेव्हापासून गणपती एका अंगावर कलून बसलाय. त्याच्या मनात काय येत असेल?"

नीरजा एवढंच म्हणाली, "बाबा, खरंच करणार?" आणि मी हो म्हटल्यावर, "तुम्ही?"

त्या 'तुम्ही'त काय काय होतं ते बापाला कळतं. मी त्याच क्षणी पोर्चमधली स्कूटर बाहेर काढली आणि पोर्चला वर्कशॉप म्हणायला सुरुवात केली.

मोबाईलवर एक दाढीवाला परदेशी माणूस धनुष्य करायला शिकवतो. पहिल्यांदा तो जंगलात जातो आणि एक झाड निवडतो. इथंच मी त्याला बंद केलं. चिखलीत झाड निवडायचं म्हटलं तर बसस्टँडवरचं लिंबाचं आहे, आणि त्याच्याखाली पानटपरी आहे. मग मी पंजाबरावांना विचारलं. पंजाबराव आमचे शेजारी. त्यांनी पूर्ण नोकरी जंगल खात्याची जीप चालवण्यात काढली, त्यामुळे लाकडाच्या बाबतीत कॉलनीत त्यांचा शब्द अखेरचा असतो.

"धामनचं लाकूड पाहिजे," ते म्हणाले. "कावड धामनची असते ना? काऊन? वाकते, पन मोडत नाही. पन वाळलेली पाहिजे बरं. वाळायले दोन साल लागते."

दसरा महिन्यावर आला होता. हे मी त्यांना सांगितलं.

"मंग जुनी पाहा. दुसरबीडले माझा साडू हाये, कारभारी. त्याच्या गोठ्यात धामनचा वासा हाये, त्याच्या आज्यानं टाकलेला. माझं नाव सांगजा."

ते स्वतः आले नाहीत, त्यांची कंबर धरली होती. त्यांची कंबर फार समजूतदार आहे, बरोबर वेळेला धरते. मी रविवारी एकटाच एसटीनं दुसरबीडला गेलो.

कारभारी मोठ्या मनाचा माणूस. चहा पाजला, वासा दाखवला, म्हणाला, "घेऊन जा ना पाव्हनं. त्याच्यावर काही नाही. टिनं टेकली हायेत फक्त."

आम्ही वासा काढला आणि टिनं खाली आली. म्हशीला लागलं नाही, पण तिनं मनाला लावून घेतलं. कारभारीची बायको रुखमाबाई आवाज ऐकून धावत आली, गोठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "कोन हाये हा मानूस?" त्यावर कारभारीनं दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. तो म्हणाला, "पंजाबरावनं धाडला." बाई म्हणाल्या, "वाटलंच." यावरून पंजाबरावांची त्या घरातली पत माझ्या लक्षात यायला हवी होती, पण मी वासा खांद्यावर घेण्याच्या गडबडीत होतो.

पुरुषापेक्षा उंच वासा एसटीत कसा न्यायचा, याबद्दल महामंडळाचा काही नियम असेल तर तो कंडक्टरला माहीत नव्हता. त्यानं तो दोन्ही बाकांच्या मधल्या वाटेत आडवा टाकायला सांगितला. पुढच्या बाकावर एक म्हातारी होती. तिनं वाशाकडे पाहिलं, माझ्या धुळीनं भरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोन गेलं, बावा?"

मला आधी समजलं नाही. मग समजलं, की या बाईला हा वासा तिरडीचा वाटतोय. मी तोंड उघडणार इतक्यात एका तरुण पोरानं उठून मला खिडकीची जागा दिली. दुसऱ्यानं पाण्याची बाटली दिली. आता तुम्हीच सांगा, भर गर्दीत, उभं राहून पायाला गोळे आलेले असताना, कोणता माणूस म्हणेल की माझ्या घरी सगळे ठणठणीत आहेत? मी मान खाली घातली आणि बसलो. खोटं बोललो नाही. नुसता बसलो.

पुढच्या एका फाट्यावर जंगल खात्याचा एक गार्ड चढला. त्याचा पाय वाशाला अडखळला.

"हे कोनाचं हाये? लाकडाचा पास हाये का?"

मी काही बोलायच्या आधीच म्हातारी त्याच्यावर तुटून पडली. "लाज वाटते का बे? त्याच्या घरी मानूस गेलं, अन् तू पास मागून राह्यला?"

सगळी गाडी गार्डवर उलटली. गार्ड बिचारा ओशाळला, टोपी काढली, आणि अत्यंत आपुलकीनं मला विचारलं, "कोन होतं जी तुमचं?"

आणि इथं माझं मध्यमवर्गीय रक्त आडवं आलं. घरातलं कोणाचंही नाव घेणं मला जमेना. कोणाचं घेणार? मी हळू आवाजात सांगितलं, की कोणी गेलेलं नाही, मी धनुष्य करतोय. गाडीत जी शांतता पसरली, तशी शांतता मी आमच्या ऑफिसात मार्चअखेरलासुद्धा पाहिली नाही. ज्यानं जागा दिली होती त्या पोरानं जागा परत घेतली. म्हातारी चिखली येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसली. वासा गार्डनं जप्त केला.

तो सोडवायला मी ज्या ऑफिसात गेलो त्याचं नाव सांगत नाही, आपल्याच भाऊबंदांची बदनामी कशाला करा. तिथल्या कारकुनानं विचारलं, झाड तोडायची परवानगी होती का. मी म्हणालो, झाड कारभारीच्या आजोबांनी तोडलं. तो म्हणाला, मग आजोबांचा अर्ज आणा. मी म्हणालो, आजोबा वारले. तो म्हणाला, मग मृत्यूचा दाखला आणा, त्यावर झाड त्यांच्या हयातीत तोडलं हे सिद्ध होईल. मला राग आला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. कौतुक वाटलं. आमच्याकडे हल्ली लागलेल्या पोरांना असं काम येत नाही.

मी त्याला माझं खातं सांगितलं. तेव्हा कुठं तो खुर्चीत टेकला आणि घरच्यासारखा बोलला. "साहेब, आधी नाही का सांगायचं? शेतीच्या अवजारात दाखवू ना. डवऱ्याची दांडी म्हणून लिहा."

अशा रीतीनं प्रभू रामचंद्रांचं धनुष्य शासनदरबारी डवऱ्याची दांडी म्हणून नोंदवलं गेलं आणि रिक्षातून घरी आलं.

वासा मधोमध चिरला तेव्हा त्यातून धनुष्याजोग्या दोन पट्ट्या निघाल्या. देवाची कृपा म्हणायची, कारण पहिली पट्टी पंजाबरावांच्या वाट्याची होती.

धनुष्याचं सगळं मर्म एका गोष्टीत आहे. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. त्यासाठी जी बाजू ताठ असेल ती रंध्यानं, मग कानशीनं, मग काचेच्या तुकड्यानं जरा जरा खरवडायची. मी उजवी खरवडली की डावी ताठ वाटायची. डावी खरवडली की उजवी. दोन पोरांना सारखी बासुंदी वाढताना आईचं जे होतं ते माझं होत होतं, फक्त इथं बासुंदी कमी कमी होत चालली होती. आणि हे सगळं एकट्यानं करायचं असतं तरी निभलं असतं. पण आमच्या पोर्चला जाळी आहे, भिंत नाही.

सकाळी फिरायला निघालेला प्रत्येक माणूस जाळीपाशी थांबे. एक जण म्हणे तेल पाजा, दुसरा म्हणे तेल पाजलं की संपलंच. रामराव गुरुजी, जे निवृत्त शिक्षक असून कॉलनीत धर्माचा निकाल देतात, त्यांनी विचारलं की कामाला मुहूर्त कोणता धरला होता. मी म्हणालो रविवार. ते 'असं' म्हणाले आणि निघून गेले, त्या 'असं'नं मी दोन दिवस अस्वस्थ होतो. गुलाबराव रोज येत. त्यांचा आवाज आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा असे. "होते का हो काही? नाहीतं राहू द्या. पोरीची समजूत काढू आपन." मागे प्रज्वल उभा असे आणि मोबाईलमध्ये स्वतःचा दंड पाहत असे.

पहिलं धनुष्य आकाराला आलं, तशी नीरजा ग्राउंडवरून आल्या आल्या दप्तर न ठेवता पोर्चमध्ये यायला लागली. तोपर्यंत तिनं माझ्या कामात लक्ष घातलं नव्हतं. आशा ठेवायची नाही असं तिनं ठरवलं असावं. आता ती बोटानं लाकडाची शीर चाचपायची, एक डोळा मिटून दांडा पाहायची. आणि मला फार बरं वाटायचं. उगाच का लपवू?

एके दिवशी संध्याकाळी पंजाबराव आत आले. "दाबून पाह्यलं का? पाहा. मोडाचं असन तं आत्ताच मोडू द्या, दसऱ्याले मोडन्यापेक्षा." मी म्हणालो, अजून तयार नाही. ते म्हणाले, "काही होत नाही हो," आणि एक टोक पायाखाली धरून दुसरं टोक दाबलं. त्या आवाजानं समोरच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली गेलं. पंजाबरावांनी दोन तुकडे माझ्या हातात दिले. "पाहा," ते म्हणाले, "मी म्हनलं नव्हतं?"

नीरजा दारात उभी होती. ती आत गेली. आतून ताट ओट्यावर ठेवल्यासारखा आवाज आला. माझ्या जिवाला लागलं. दुसऱ्या दिवशी मी जाळीला आतून जुन्या चादरी बांधल्या आणि बाहेर पाटी लावली, की काम चालू आहे, अभ्यागतांनी कार्यालयीन वेळेत भेटावे. कार्यालयीन वेळेत मी कार्यालयात असतो.

दुसरी पट्टी मी अशी भीत भीत खरवडली की लाकडाला कळू नये. अष्टमीला संध्याकाळी ती झाली, म्हणजे दिसायला झाली. दोन्ही बाजू सारख्या वाकत होत्या. ग्राउंडवरून मागून आणलेली दोरी नीरजानंच चढवली. ती चढवताना दोरी आणि दांड्याच्या मधून पाय घालून, मांडीवर जोर देऊन ते वाकवावं लागतं. मी प्रयत्न केला तेव्हा माझी पॅन्ट उसवली. मग तिनं धनुष्य उचललं, दोरी हनुवटीपर्यंत ओढली, तिचे हात थरथरले, आणि तिनं दोरी सावकाश परत सोडली.

"छान झालंय, बाबा." ती थांबली. "पण कडक आहे. ग्राउंडवरच्याच्या दुप्पट असेल. दोन्हीकडून थोडं काढाल का?"

"एवढंच ना? उद्या सकाळी सुट्टीच आहे. तासाभराचं काम," मी म्हणालो.

सकाळी उठून मी हत्यारं ओळीनं मांडली आणि आंघोळीला गेलो. ती आंघोळ नसती केली तर ही गोष्टच झाली नसती. आमच्या घरी कोणी सांगून ऐकत नाही, पण एक दिवस पारोसं राहिलेलं मात्र चालत नाही.

बाहेर येऊन पाहतो तर रंधा, करवत, पटाशी आणि कानस पाटावर हळदीकुंकू लावून बसले होते. मधोमध चौरंगावर धनुष्य, त्याला झेंडूची माळ, समोर निरांजन. आणि कॉलनीतल्या निम्म्या बायका.

खंडेनवमी. घरातल्या शस्त्रांची आणि अवजारांची पूजा. इतकी वर्षं आमच्याकडे या दिवशी पक्कड, अडकित्ता आणि मिक्सर यांना हळदीकुंकू लागायचं. यंदा कॉलनीत पहिल्यांदाच खरं शस्त्र आलेलं, म्हणून बायका आपापल्या घरून पानसुपारी घेऊन आल्या होत्या. गुलाबरावांच्या घरचा नारळसुद्धा होता.

"शारदा," मी टॉवेलवर, जेवढ्या अदबीनं बोलता येतं तेवढ्या अदबीनं म्हणालो, "ते अजून व्हायचंय. घासायचं राहिलंय."

"आता?" ती म्हणाली. "पूजा झालेल्याला कानस लावता?"

"कानशीचीबी पूजा झाली," एक बाई म्हणाली. "आज हत्याराले हात लावत नाहीत, भाऊ."

रामराव गुरुजींना बोलावणं गेलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, धनुष्याला हात जोडले, डोळे मिटले आणि निकाल दिला. आज अवजारांना विश्रांती. उद्याही धनुष्याला कानस नाही. "शस्त्राला धार लावता येते, नीळकंठराव. पण तुम्ही हे घासून कमजोर करणार. पूजलेलं शस्त्र कमजोर करायचं, तेही विजयादशमीला, हे मी सांगू शकत नाही." मी विचारलं, याला आधार काय? "आधार आहे," गुरुजी म्हणाले, आणि डोळे उघडले नाहीत.

मी चिडलो. खरं सांगतो, त्या दिवशी मी देवालाही दोन शब्द सुनावले, मनात. अंगावर आहे त्या टॉवेलनिशी कानस उचलावी असं वाटलं. पण इतक्या बायकांसमोर पूजेतली वस्तू उचलायला जी छाती लागते ती माझ्या खात्यात देत नाहीत.

नीरजानं धनुष्याकडे पाहिलं. मी विचारलं, "ओढलं जाईल ना गं?"

"बघते," ती म्हणाली. मग दिवसभर तिच्या खोलीतून जोर काढल्याचे श्वास ऐकू येत होते. मी दारापाशी दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. काय बोलणार होतो? बेटा, धनुष्य मी केलं, पण ते आता तुझ्या आईच्या आणि गुरुजींच्या ताब्यात आहे?

दसऱ्याला संध्याकाळी मैदान भरलं. रावण नेहमीप्रमाणे दहा तोंडांनी कॉलनीकडे पाहत उभा होता. प्रमुख पाहुणे म्हणून कोणी एक माजी सभापती आले होते. आणि गुलाबरावांनी माईक हातात घेऊन जाहीर केलं, की माननीय पाहुण्यांच्या शुभहस्ते बाण सोडून रावणदहन होईल.

मी स्टेजवर चढलो. "गुलाबराव, आपलं काय ठरलं होतं?"

"म्या काय म्हनलं होतं?" त्यांनी माईकवर हात ठेवला. "धनुष्य आना, पोरगी उभी करतो. उभी हाये ना ते, पाहा. पाहुन्याच्या बाजूले."

नीरजा खरंच बाजूला उभी होती. तिच्या हातात आरतीचं ताट होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे फार वाईट होतं.

पाहुण्यांनी धनुष्य घेतलं. टोकाला घासलेटचा पेटता बोळा बांधलेला बाण लावला, फोटोसाठी हसले आणि दोरी ओढली. दोरी बोटभर आली आणि तिथंच थांबली. त्यांनी श्वास रोखून पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा त्यांच्या गळ्यातला हार दोरीत अडकला आणि तो सोडवायला तीन कार्यकर्ते लागले. "उत्सवाची परंपरा तरुणांनी चालवावी," पाहुणे म्हणाले आणि खाली बसले.

"प्रज्वल," गुलाबराव म्हणाले.

प्रज्वल पुढे आला. मुकुट, पितांबर, दंड. त्यानं दोरी अर्ध्यापर्यंत ओढली हे मी मान्य करतो. मग त्याचं कोपर वळलं, दोरी हातातून सुटली आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला सणकन बसली. बाण पायाशी पडला, तेवढी परंपरा त्यानं राखली. "आई व" असा आवाज माईकवर स्पष्ट आला.

लोक हसायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "ज्यानं बनवलं त्यालेच वढू द्या ना." गुलाबरावांना तेवढंच हवं होतं. त्यांनी मोठ्या मानानं धनुष्य माझ्या हातात दिलं. मी ओढलं. आता सांगायचंच आहे तर सांगतो, ते हललंसुद्धा नाही. माझी मान हलली. मी माईकवर सांगितलं, की मी कारागीर आहे, योद्धा नाही. यावर जे हसू आलं ते दसऱ्यापासून आजपर्यंत माझ्या ऑफिसात चालू आहे.

"झालं मंग," गुलाबराव म्हणाले आणि रावणाच्या मागच्या बाजूला हात वर केला. ज्ञानेश्वरला ती खूण होती. आता काडी ओढली जाणार, रावण नेहमीसारखा मागून मरणार, आणि सगळे आपापल्या घरी जाणार.

नीरजानं ताट पाहुण्यांच्या मांडीवर ठेवलं. माझ्या हातातून धनुष्य घेतलं. मग माईकपाशी जाऊन, अगदी शांतपणे, शाळेत सूचना देतात तशी म्हणाली, "आधी मागचे काका बाहेर काढा. समोर माणूस असताना आम्ही बाण लावत नाही. ग्राउंडवर नियम आहे."

मग रावणाच्या पायामागून ज्ञानेश्वर निघाला. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात घासलेटची बाटली, काखेत पोतं. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच सगळ्या कॉलनीनं समोरून पाहिलं. त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून त्यानं सगळ्यांना नमस्कार केला.

आता सगळं त्या पोरीवर होतं. काडीवाला उघडा पडलेला, राम हात चोळत बसलेला. नीरजानं पेटता बाण लावला, चपला काढल्या, पाय रोवले. दोरी हनुवटीकडे यायला लागली. हात थरथरत होते, अष्टमीला थरथरले तसेच, पण ती थांबली नाही. दोरी आली. मी श्वास घेत नव्हतो, शारदा घेत नव्हती, गुरुजींनी डोळे उघडे ठेवले होते.

बाण असा गेला की दिसलाच नाही. रावणाच्या बरोबर छातीत रुतला. आणि ज्वाळा वाटेतच विझली.

रावण छातीत बाण घेऊन जसाच्या तसा उभा. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. गुलाबराव घाईनं माईककडे वळले, "काही हरकत नाही, प्रयत्न चांगला होता. ज्ञानेश्वर, जाय बरं मागं."

"दुसरा द्या," नीरजा म्हणाली.

मी दुसरा बाण पेटवून दिला. जवळून पाहिलं, तिचा खांदा लाल झाला होता, दातांनी खालचा ओठ धरला होता. "बेटा, जाऊ दे," माझ्या तोंडातून निघालं. मला तिचा खांदा हवा होता, रावण गेला खड्ड्यात.

"जोरात जातो म्हणून विझतो, बाबा," ती म्हणाली. "आता अर्धंच ओढते. हळू गेला की पेटता राहील."

तिनं धनुष्य वर उचललं, आकाशाकडे, आणि दोरी अर्धीच ओढली. बाण वर गेला, सावकाश, जळत, पतंग गोता खायच्या आधी थबकतो तसा वरती जरासा थांबला, आणि वळून थेट रावणाच्या मधल्या डोक्यात उतरला. आधी मिशी पेटली. मग मुकुट. मग दहाच्या दहा तोंडं एकदम. रावण पहिल्यांदाच आमच्या कॉलनीत समोरून मेला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण शारदा म्हणते ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. पंजाबरावांनी आजूबाजूला सांगायला सुरुवात केली की लाकूड त्यांचं. गुरुजी म्हणाले, काल घासू दिलं असतं तर पाहुण्यांनीच ओढलं असतं, आणि पुन्हा डोळे मिटले. माझं अभिनंदन करायचं कोणाला सुचलं नाही. माझं काही म्हणणं नाही. फक्त नोंद करतो.

रात्रीच्या जेवणाआधी गुलाबराव सोनं द्यायला घरी आले. सोबत प्रज्वल, डाव्या हाताला हळद लावलेला. गुलाबराव मोठे माणूस, हरले तरी उभे राहतात. मी उगाच नाही म्हणत. आपट्याची पानं दिली, शारदानं हातावर पेढा ठेवला, तो त्यांनी तोंडात टाकला आणि नीरजाला जवळ बोलावलं.

"बाई, आमच्या प्रज्वललेबी शिकवजो हे. तू जाशीन कॉलेजले, मंग पुढच्या साली कोनीतरी पाहिजे ना."

नीरजानं वाकून नमस्कार केला. "शिकवते ना, काका. सकाळी साडेपाचला ग्राउंडवर पाठवा." मग प्रज्वलच्या हाताकडे पाहून म्हणाली, "पण धनुष्य माझं नाही देणार. ते माझ्या बाबांनी केलंय. याचं तुम्ही करा."

गुलाबरावांनी पेढा गिळला नाही, नुसता गालात धरून ठेवला. शारदानं त्यांना पाणी आणून दिलं.